विश्लेषण : लग्नाविना आईपण... आईचा हक्क मान्य, पण बापाची जबाबदारी कुठे?

अविवाहित आईला मुलाच्या जन्मदाखल्यासाठी वडिलांचे नाव सांगण्याची सक्ती करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच स्पष्ट केले. पासपोर्ट आणि पॅन कार्डाचे नियमही त्यानंतर बदलले. महाराष्ट्रात तर १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या आधी आले. कागदावर एकट्या आईची बाजू दहा वर्षांत बरीच भक्कम झाली आहे. तरीही लग्नाविना जन्मलेल्या मुलाला वडिलांच्या मिळकतीत वाटा मिळतो का, पोटगी हाती पडते का, सरकारी योजनेच्या अर्जात त्याच्या आईने कोणत्या रकान्यावर खूण करायची, या प्रश्नांची उत्तरे आजही अडखळत येतात. नेमके काय बदलले आणि काय बाकी आहे?

एकल पालक कुटुंबांत कोण येते?

विधवा, घटस्फोटिता, नवऱ्याने टाकलेल्या स्त्रिया आणि लग्न न होता आई झालेल्या स्त्रिया हे यातले मुख्य गट. एकट्याने मूल वाढवणारे वडीलही यात येतात, पण त्यांची संख्या तुलनेने कमी असते. संयुक्त राष्ट्रांच्या ‘यूएन विमेन’ या संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार भारतातील ४.५ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी ३० लाख कुटुंबे एकट्या माता चालवतात. माहेरच्या किंवा सासरच्या मोठ्या कुटुंबात राहणाऱ्या आणखी सुमारे ३ कोटी २० लाख एकट्या माता त्या आकड्यात नाहीत. याच अहवालात एकट्या मातांच्या कुटुंबांतील गरिबीचे प्रमाण ३८ टक्के, तर दोन्ही पालक असलेल्या कुटुंबांतील २२.६ टक्के दिले आहे.

या चौघींच्या अडचणी सारख्या असल्या तरी कागदपत्रांच्या बाबतीत त्या सारख्या नाहीत. विधवेकडे पतीचा मृत्यूदाखला असतो. घटस्फोटितेकडे न्यायालयाचा हुकूमनामा असतो. परित्यक्तेकडे निदान लग्नाचा पुरावा असतो. अविवाहित आईकडे यातले काहीच नसते. आपल्या व्यवस्थेत बाईची ओळख नवऱ्यावरून ठरते, मग तो हयात असो, वारलेला असो वा सोडून गेलेला. जिला नवरा कधी नव्हताच, तिच्यासाठी बहुतेक अर्जांत जागाच ठेवलेली नसते.

मुलाच्या वडिलांचे नाव सांगावेच लागते का?

नाही. या बाबतीत ६ जुलै २०१५ चा ‘एबीसी विरुद्ध दिल्ली राज्य’ हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा आहे. एका अविवाहित ख्रिश्चन आईने आपल्या मुलाचे पालकत्व मागितले होते. मुलाला वारसदार म्हणून नेमताना तिच्याकडे एक तर वडिलांचे नाव किंवा न्यायालयाचे पालकत्व प्रमाणपत्र मागितले गेले होते. त्यासाठी तिने अर्ज केला, तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार वडिलांना नोटीस पाठवा, असे कनिष्ठ न्यायालयाने सांगितले. तिने नाव देण्यास नकार दिला आणि अर्ज फेटाळला गेला. दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच केले. न्या. विक्रमजित सेन आणि न्या. अभय सप्रे यांच्या खंडपीठाने हे निकाल रद्द केले. ज्या वडिलांनी मुलाची कसलीच जबाबदारी घेतलेली नाही, त्यांना नोटीस देणे बंधनकारक नाही, असे खंडपीठाने म्हटले.

याच निकालात आणखी एक निर्देश आहे आणि तो सामान्य आईच्या जास्त उपयोगाचा आहे. अविवाहित किंवा एकट्या आईने आपल्या पोटच्या मुलाचा जन्मदाखला मागितला, तर अधिकाऱ्यांनी तिच्याकडून फक्त प्रतिज्ञापत्र घ्यावे आणि दाखला द्यावा. न्यायालयाचा उलट आदेश असेल तरच अपवाद. पुढे २०२३ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा अविवाहित माता किंवा एकल पालक स्वतः जन्माची खबर देऊ शकतात, हे कायद्याच्या मजकुरातच आले. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही दुरुस्ती लागू आहे. त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा मुख्य पुरावा ठरणार आहे. म्हणजे पहिल्याच कागदावर अडवणूक झाली, तर तिचे परिणाम मुलाला पुढे अनेक वर्षे सोसावे लागतील.

पासपोर्टसाठी आई-वडिलांपैकी एकाचेच नाव पुरेल, असा बदल केंद्राने डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर केला. आई एकल पालक असेल तर पॅन कार्डासाठी वडिलांचे नाव देण्याची अट डिसेंबर २०१८ पासून गेली. पालकत्वाबाबत हिंदू अल्पवयीनता व पालकत्व कायदा १९५६ पासूनच वेगळा आहे. लग्नातून जन्मलेल्या मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून तो वडिलांना पुढे ठेवतो, पण लग्नाविना जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत आईला आधी आणि वडिलांना नंतर.

महाराष्ट्रात नावाचा नियम बदलला, त्याने काय साधले?

राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम असेल. जन्मदाखला, शाळेची कागदपत्रे, महसुली दस्तऐवज अशा ठिकाणी तो लागू आहे. अनाथ आणि तत्सम अपवादात्मक प्रकरणांत नोंदीसाठी सवलत ठेवली आहे.

आईचे नाव आत आले, हे मोठेच पाऊल. पण हा नियम मुख्यतः दोन पालक असलेल्या घराचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. नावाच्या चार घरांपैकी तिसरे घर रिकामे असेल तर काय करायचे, याची वाट ‘अपवादा’तून जाते. त्यामुळे टेबलापलीकडच्या कर्मचाऱ्याला तो अपवाद माहीत असणे महत्त्वाचे ठरते. तो माहीत नसेल तर २०१५ चा निकाल आणि २०२३ ची दुरुस्ती असूनही आईला हेलपाटे पडतात.

मूल जन्माला घालायचे की नाही, हे कोण ठरवते?

प्रौढ स्त्री असेल तर ती स्वतः. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचे कारण फक्त ‘विवाहित स्त्री किंवा तिच्या पती’ला देता येत होते. २०२१ च्या दुरुस्तीत तिथे ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांच्या टप्प्यात दोन डॉक्टरांचे मत लागते आणि ही मुभा ठरावीक गटांनाच आहे. त्या गटांत अविवाहित स्त्रिया येत नाहीत, असा अर्थ लावला जात होता. २९ सप्टेंबर २०२२ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. ए. एस. बोपण्णा आणि न्या. जे. बी. पारडीवाला यांच्या खंडपीठाने तो अर्थ नाकारला. विवाहित आणि अविवाहित असा भेद करणे घटनेला धरून नाही, असे त्यांनी स्पष्ट केले.

मुलगी १८ वर्षांखालील असेल तर मात्र प्रश्न गुंतागुंतीचा होतो. पालकांची संमती लागतेच. शिवाय ‘पॉक्सो’ कायद्यानुसार डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते, न कळवणे हा गुन्हा आहे. पोलीस येणार म्हटल्यावर घरचे रुग्णालय टाळतात आणि गावातल्याच कुणाकडे तरी जातात किंवा दिवस भरेपर्यंत गोष्ट झाकून ठेवतात. २०२२ च्या याच निकालाने त्यावर तोडगा दिला. मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना द्यायच्या माहितीत तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. ही सूचना ग्रामीण रुग्णालयापर्यंत किती पोहोचली, यावर अनेक मुलींचा जीव अवलंबून आहे.

बाळ जन्मल्यावर त्याला सांभाळणे शक्य नसेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कायदेशीर मार्ग आहे. बालकल्याण समितीपुढे आई बाळाचा ताबा सोडू शकते. आई अविवाहित असेल तर तिची एकटीची सही पुरते. समितीने समुपदेशन करायचे असते आणि निर्णय फिरवण्यासाठी आईला ६० दिवस मिळतात. बाळाला उघड्यावर टाकणे गुन्हा आहे, समितीच्या स्वाधीन करणे नाही. हा फरक आशा आणि अंगणवाडी सेविकांमार्फत गावागावांत पोहोचला, तर उकिरड्यावर अर्भक सापडल्याच्या बातम्या कमी होऊ शकतील.

वडिलांकडून पोटगी मिळते का?

कायदा ‘हो’ म्हणतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ म्हणून आले आहे. मूल औरस असो वा अनौरस, ऐपत असलेल्या बापाने त्याला पोसलेच पाहिजे, असे हे कलम सांगते. धर्म कोणताही असला तरी ते लागू होते. मुलाची आई पत्नी नसेल तर तिला या कलमाखाली स्वतःसाठी पोटगी मागण्यात अडचण येते, पण मुलाचा हक्क त्यामुळे कमी होत नाही. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम पोटगीचा निर्णय व्हावा, असेही कायदा म्हणतो. पैसे न देणाऱ्याला थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

अडचणी तीन आहेत. पहिली पितृत्व सिद्ध करण्याची. लग्नाच्या काळात जन्मलेले मूल पतीचेच, असे कायदा गृहीत धरतो. अविवाहित आईच्या मुलाला हे गृहीतक लागू नाही, त्यामुळे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर पडतो. न्यायालय डीएनए चाचणीचा आदेश देऊ शकते आणि पुरुषाने नकार दिला तर त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकते. माजी मुख्यमंत्री नारायणदत्त तिवारी यांचे पितृत्व जुलै २०१२ मध्ये डीएनए अहवालातूनच जाहीर झाले, पण त्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे लढावे लागले. रोजंदारीवर जगणाऱ्या आईला एवढी लांब लढाई परवडत नाही.

दुसरी अडचण ठिकाणाची. पोटगीचा अर्ज कुठे करता येईल, हे सांगणाऱ्या कलमात पत्नी राहते ते ठिकाण आहे. अविवाहित आईच्या बाबतीत मात्र तो पुरुष आहे वा राहतो ते ठिकाण, त्याचे आई-वडील राहतात ते ठिकाण किंवा तो शेवटी या मुलाच्या आईसोबत राहिला ते ठिकाण, असे शब्द आहेत. बाळंतपणासाठी माहेरी परतलेल्या मुलीला शब्दशः पाहिले तर त्याच्या गावी खेटे घालावे लागतात. पत्नीला जी सोय आहे, ती हिला नाही.

तिसरी अडचण वसुलीची. आदेश मिळाला तरी दर वेळी पैसे थकले की पुन्हा अर्ज, पुन्हा वॉरंट. थकबाकीसाठी वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर तेवढी रक्कम या मार्गाने वसूल करता येत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार उत्पन्न कितीही असले तरी प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो. तालुका न्यायालयातच त्यासाठी अर्ज करता येतो. ही सोय वापरली तर पहिला उंबरठा तरी ओलांडता येतो.

वारसा हक्काचे काय?

इथे कायदा सर्वांत मागे आहे आणि सर्वाधिक गैरसमजही इथेच आहेत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ मुळे अवैध ठरलेल्या लग्नातून, उदाहरणार्थ पहिली पत्नी असताना केलेल्या दुसऱ्या लग्नातून, जन्मलेली मुले औरस मानली जातात. १ सप्टेंबर २०२३ रोजी ‘रेवणसिद्दप्पा’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी या मुलांना आई-वडिलांच्या मिळकतीत वाटा असल्याचे सांगितले. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वडिलांच्या वाट्याला जे आले असते, त्यातही. त्या वेळी ‘अनौरस मुलांनाही वारसा’ अशा आशयाची चर्चा झाली. पण तो निकाल लग्न झाले, मात्र कायद्याने टिकले नाही, अशा जोडप्यांच्या मुलांपुरता आहे.

जिथे लग्न झालेच नाही, तिथे हिंदू वारसा कायद्याचे कलम ३ लागू होते. त्यानुसार असे मूल आईचे आणि आपल्या भावंडांचे नातलग मानले जाते, वडिलांचे नाही. वडिलांनी मृत्युपत्र केले तर गोष्ट वेगळी. एरवी पोटगी मागता येते, पण सातबाऱ्यावर नाव लागत नाही. स्त्री-पुरुष दीर्घकाळ नवरा-बायकोसारखे एकत्र राहिले असतील, तर ते विवाहितच होते असे न्यायालय गृहीत धरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये केरळमधील एका प्रकरणात अशाच आधारे मुलाला वाटा दिला. शहरातल्या लिव्ह-इन जोडप्याला हा आधार मिळू शकतो. ठेकेदाराने काम संपल्यावर सोडून दिलेल्या मुलीच्या बाळाला तो मिळत नाही.

सरकारी योजनांत ही आई बसते का?

काहींत नावानिशी, काहींत ओढूनताणून. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना, जिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे, यात सर्वांत स्पष्ट आहे. एकच पालक असलेल्या मुलांच्या कारणांत ‘अविवाहित मातृत्व’ हे शब्द आहेत. १८ वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. २०२३ पूर्वी ही रक्कम १,१०० होती. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा आणि मंजुरी बालकल्याण समितीची घ्यायची.

केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’मधील प्रायोजकत्वात दरमहा ४ हजार रुपये आहेत. त्यासाठी ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२ हजार आणि इतरत्र ९६ हजार आहे. निकषांत आई विधवा, घटस्फोटिता किंवा कुटुंबाने टाकलेली असावी, असे म्हटले आहे. अविवाहित आई यातल्या शेवटच्या शब्दांत बसू शकते, पण आई-वडिलांनी तिला घरातून हाकलले असेल तर. ज्या घराने लोकांची बोलणी खाऊन मुलीला आणि नातवंडाला आधार दिला, ते घर निकषाबाहेर पडण्याचा धोका आहे.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळतात. विधवा, पोटगी न मिळणारी घटस्फोटिता, अत्याचारग्रस्त महिला, देवदासी आणि ३५ वर्षांवरील अविवाहित स्त्री असे गट तिथे वेगवेगळे नोंदले आहेत. विशीतल्या अविवाहित आईला ‘निराधार महिला’ या सर्वसाधारण गटातून वाट काढावी लागते. ‘लाडकी बहीण’ योजनेत विवाहित, विधवा, घटस्फोटिता, परित्यक्ता आणि निराधार महिलांसोबत कुटुंबातील एका अविवाहित महिलेला लाभ आहे. घरात दुसरी अविवाहित बहीण असेल तर दोघींतली एकच. वयाची अट किमान २१ वर्षांची असल्याने त्याआधी आई झालेली मुलगी बाहेरच राहते. २०२५ मधील ई-केवायसीत पती किंवा वडिलांचा आधार मागितला गेला आणि दोघेही हयात नसलेल्या महिलांसाठी नंतर वेगळी सोय करावी लागली.

चांगले उदाहरणही आहे. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत आधी पतीचा आधार क्रमांक लागत असे. २०२२ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत ती अट एकट्या आणि परित्यक्ता मातांचा उल्लेख करून काढून टाकली गेली. पहिल्या अपत्यासाठी ५ हजार आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६ हजार रुपये मिळतात. एक रकाना ऐच्छिक करण्यासाठी वेगळा निधी लागला नाही. लागली ती फक्त इच्छा.

यवतमाळच्या कुमारी मातांचा प्रश्न वेगळा का?

यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी आणि आसपासच्या तालुक्यांतील कुमारी मातांचा प्रश्न अनेक वर्षे वृत्तपत्रांत आणि विधिमंडळात येत राहिला आहे. यातल्या बऱ्याच मुली कोलाम समाजाच्या. केंद्राने विशेष असुरक्षित ठरवलेल्या महाराष्ट्रातील तीन आदिवासी समाजांपैकी हा एक (इतर दोन कातकरी आणि माडिया गोंड). बाहेरून कामासाठी आलेले ठेकेदार आणि मजूर लग्नाचे आमिष दाखवतात आणि काम संपल्यावर निघून जातात, ही तिथली वारंवार पुढे आलेली तक्रार. इथे ‘स्वेच्छेने एकटीने आई होणे’ नाही. इथे शोषण आहे आणि अनेकदा मुलगी अल्पवयीन असते.

या मुलांपुढे आणखी एक पेच आहे, तो जातीच्या दाखल्याचा. जात वडिलांकडून येते, हे गृहीतक आपल्या पडताळणी व्यवस्थेत खोल मुरलेले आहे. वडील आदिवासी नसतील किंवा कोण हेच नोंदलेले नसेल, तर कोलाम पाड्यावर कोलाम म्हणून वाढलेल्या मुलाला दाखला कसा द्यायचा? सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गुजरातमधील ‘रमेशभाई नाईका’ प्रकरणात सांगितले की आंतरजातीय किंवा आदिवासी-बिगरआदिवासी विवाहात मुलाची जात वडिलांची, हे गृहीतक अंतिम नाही. आईच्या समाजात वाढल्याचा आणि त्या समाजाच्या वाट्याला आलेली वंचितता सोसल्याचा पुरावा देता येतो. तो आधार लग्न न झालेल्या आईच्या मुलाला अधिकच लागू व्हायला हवा. मात्र पुरावा गोळा करण्याचे ओझे पुन्हा त्या आईवरच येते. दाखला नाही तर आश्रमशाळेनंतरची शिष्यवृत्ती नाही, राखीव जागा नाही. बापाच्या पळून जाण्याची किंमत मूल विसाव्या वर्षीही चुकवत राहते.

इतर देशांनी काय केले?

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या (ओईसीडी) सदस्य देशांत सरासरी चाळीस टक्क्यांहून अधिक मुले लग्नाविना जन्मतात. फ्रान्समध्ये हे प्रमाण दहांत सहा आहे. त्यातली बहुतेक मुले एकत्र राहणाऱ्या जोडप्यांची असतात, एकट्या आईची नव्हे. त्यामुळे हे आकडे आणि भारतातील परिस्थिती थेट जुळवता येत नाही. तुलना करायचीच तर ती आशियातील देशांशी करावी. जपानमध्ये हे प्रमाण दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. दक्षिण कोरियात तेही कमी होते, पण २०२४ मध्ये ते ५.८ टक्क्यांवर पोहोचले. जपानमध्ये लग्नाबाहेरच्या मुलाला वारशात निम्माच वाटा देणारी तरतूद तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये घटनाबाह्य ठरवली आणि त्याच वर्षी कायदा बदलला.

पोटगीच्या वसुलीवर जर्मनीने काढलेला उपाय लक्षात घेण्याजोगा आहे. बाप पैसे देत नसेल तर सरकार ठरलेली रक्कम मुलाला आगाऊ देते आणि नंतर बापाकडून वसूल करते. २०१७ पासून मूल १८ वर्षांचे होईपर्यंत ही सोय मिळू शकते. दक्षिण कोरियानेही जुलै २०२५ पासून तशी पद्धत सुरू केली. मुलाच्या दुधाचा खर्च न्यायालयाच्या तारखांसाठी थांबत नाही, हे यामागचे साधे तत्त्व. देशातच पाहायचे तर केरळने अविवाहित मातांसाठी ‘स्नेहस्पर्शम’ ही दरमहा साहाय्याची वेगळी योजना राबवली आहे.

महाराष्ट्राला ही चर्चा नवी आहे का?

अजिबात नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गर्भार राहिलेल्या विधवांनी तिथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी ती सोय होती. काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला, पुढे तो डॉक्टर झाला. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली, तेव्हा उसळलेल्या स्त्रीनिंदेला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले. दोष दोघांचा असताना शिक्षा एकटीलाच का, हा त्यांचा प्रश्न होता. दीडशे वर्षांनी आईला शिक्षेऐवजी संरक्षण देण्यापर्यंत कायदा आला आहे. दुसऱ्या बाजूच्या माणसापर्यंत तो अजून पुरता पोहोचलेला नाही.

मग पुढे काय करायला हवे?

या प्रश्नात दोन हक्कांची गल्लत होते. वडिलांचे नाव न सांगण्याचा हक्क आईचा आहे. वडिलांकडून पोषण, शिक्षण आणि वारसा मिळण्याचा हक्क मुलाचा आहे. पहिला भक्कम होत गेला, कारण त्यासाठी कागदावरचा एक रकाना ऐच्छिक करणे पुरेसे होते. दुसरा मागे राहिला, कारण त्यासाठी पुरुषाच्या खिशाला आणि सातबाऱ्याला हात घालावा लागतो. पहिल्या हक्काचे कौतुक करताना दुसरा विसरला, तर वडिलांचे नाव न लागणे ही आईची मुक्तता न राहता बापाचीच सुटका ठरते.

त्यामुळे चार बदलांची गरज दिसते. प्रत्येक योजनेच्या निकषांत ‘अविवाहित माता’ हे शब्द नावानिशी यावेत आणि पुराव्यासाठी तिचे स्वघोषणापत्र पुरावे. पोटगीचा अर्ज आई आणि मूल राहतात तिथे करता यावा, अशी दुरुस्ती व्हावी. अंतरिम पोटगी थकली तर सरकारने आगाऊ द्यावी आणि बापाकडून वसूल करावी. वारसा कायद्यातील ‘फक्त आईचे नातलग’ ही तरतूद पितृत्व सिद्ध झालेल्या मुलांपुरती तरी बदलावी. पहिला बदल राज्य सरकार स्वतःच्या योजनांपुरता एका शासन निर्णयाने करू शकते. बाकीचे तीन संसदेची इच्छाशक्ती आणि तिजोरीतला पैसा मागतात.

तोवर अशा आईने काय लक्षात ठेवावे? जन्मदाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र पुरते. मुलासाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करता येतो. पोटगीसाठी तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकील मागता येतो. अडचणीच्या वेळी महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. यातले काहीही मागताना ‘मुलाचे वडील कोण’ या प्रश्नाचे उत्तर देणे तिला बंधनकारक नाही. अपवाद एकच, जिथे त्या वडिलांकडूनच काही वसूल करायचे आहे.